रिले

भौतिकशास्त्राला मी दहावीनंतर रामराम ठोकला. कलाशाखेच्या मुलीने व्होल्ट-अँपिअरच्या नादी लागू नये, असे माझे प्रामाणिक मत होते. पण गेल्या मे महिन्यात आमचे नाना वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन पिवळे दिवे घेऊन आले आणि म्हणाले, "ये गं, बॅटरी धर." (आमच्याकडे टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात.)

नानांची जुनी महिंद्रा जीप म्हणजे आमच्या वाडीची रुग्णवाहिका, वऱ्हाडाची गाडी आणि भाताची बैलगाडी. वाडी महाडहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला, तळीयेच्या अलीकडे. पावसाळ्यात धुके उतरले की जीपचे बॉनेटसुद्धा दिसत नाही. म्हणून नानांनी एका वर्षी हेडलाइटला शंभर वॅटचे बल्ब बसवले. दिवे मात्र कंदिलासारखे मिणमिणतच राहिले.

२२ जुलै २०२१ रोजी तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली. ८०हून अधिक माणसे गेली. महाड पाण्याखाली होते, वीज नव्हती, फोन लागत नव्हते. आमच्याकडे बातमी पोचली तेव्हा अंधार पडला होता. मी शाळेत होते तेव्हा. नाना चौघांना घेऊन, जीपमध्ये फावडी टाकून निघाले ते मी ओट्यावरून पाहिले. वाटेत डॅशबोर्डमधून जळका वास आला. नानांनी दिव्यांच्या स्विचला हात लावला तर तो वितळून बोटाला चिकटला. दिवे गेले. चौघे पायी पुढे गेले, नाना जीपपाशी राहिले. पुढचा रस्ता दरडींनी अडलाच होता, जीप पोचली नसतीच, हे सर्वांनी त्यांना सांगितले. नाना "होय" म्हणत. पण त्या रात्रीनंतर दिवस मावळल्यावर त्यांनी जीप काढली नाही.

चूक काय झाली होती ते बिरवाडीच्या एका मिस्त्रींनी समजावले. दोन बल्बांचे २०० वॅट, भागिले १२ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर. एवढा प्रवाह बॅटरीपासून स्विचपर्यंत, तिथून डिपरमध्ये आणि मग पुन्हा पुढे, म्हाताऱ्या बारीक वायरींतून जायचा. वाटेतच दोन व्होल्ट खर्ची पडत. व्होल्टेज दहा टक्के घटले की प्रकाश सुमारे तीस टक्के घटतो! बल्ब मोठा केल्याने उजेड नाही, स्विच तापला.

उपाय रिलेचा. काड्यापेटीपेक्षा लहान डबी, तिला चार पाय. ३० क्रमांकाच्या पायाला बॅटरीकडून जाड वायर, बॅटरीला लागूनच फ्यूज, ८७ मधून दिव्याकडे, ८६ला स्विचची वायर, ८५ला अर्थ. स्विचने पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह सोडायचा. त्याने आतले वेटोळे लोहचुंबक होते, टक् असा आवाज येतो आणि मोठा प्रवाह जवळच्या वाटेने जातो. मी शब्दकोश काढला. दमलेल्या घोड्यांच्या जागी टप्प्यावर जोडायचे ताजे घोडे, त्यांना इंग्रजीत रिले म्हणत. पुढे तारायंत्राच्या लांबलचक तारांत दमलेला संदेश ताज्या बॅटरीवर चढवायला हेच उपकरण आले. शब्दकोश विज्ञानाच्या तासाला न्यायला हवा होता.

आम्ही तीन रिले बसवले: हेडलाइटच्या वरच्या झोताला एक, खालच्याला एक, नव्या दिव्यांना एक. हेडलाइटला पुन्हा साधे बल्ब. पिवळे दिवे बंपरवर, मुद्दाम खाली. उंचावरचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांतच येतो. सगळे जोडले आणि उजवा दिवा पेटेना. नाना रिलेवर चिडले. मी वाकून पाहिले. अर्थचा स्क्रू रंगावरच आवळला होता. कलाशाखेत दोन वर्षे अर्थ लावण्यातच गेली, तेवढे तरी कळायला हवे! पॉलिश पेपरने रंग घासला, दिवा लागला. मीटरवर आधी १०.५ दिसत होते, आता १२.८.

रात्री जेवण झाल्यावर नानांनी आपणहून किल्ली घेतली. समोरून एस.टी. आली तेव्हा त्यांनी पिवळे दिवे बंद केले, ती गेल्यावर पुन्हा लावले. कडेचे दगड, गवत, मोरीचा कठडा, सगळे वेगवेगळे दिसत होते. तळीयेच्या फाट्यावर त्यांनी जीप थांबवली. इंजिन चालू, दिवे चालू. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग स्विचवर बोट ठेवून पाहिले.

"गार आहे," म्हणाले.