मूस आणि ठिपका

कडेगाव, विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतील माणसे गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पांगली. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करणे हे त्यांचे काम. माझ्या चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, परमुलखात आयुष्यभर तेच केले आणि माझ्या साहित्याच्या शिक्षणाचा खर्च त्यांच्या भट्टीने उचलला. मुशीविषयी तक्रार करण्याचा अधिकार मला म्हणूनच फारसा नाही. तरीही एक शंका मांडायची आहे.

नानांच्या लेखी राणीछाप रुपया म्हणजे तोळाभर वजन आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. हे वाचन अचूक आहे. परंतु त्यात सगळे राणीछाप एकसारखे ठरतात आणि ते तसे नाहीत. १८४० साल असलेल्या रुपयांवर व्हिक्टोरियाचे नाव व पदवी कुठे मस्तकाभोवती सलग, तर कुठे दोन बाजूंना विभागलेली दिसते. विभागलेला ठसा पुढच्या दशकातला, साल मात्र जुनेच. १८६२चा रुपया याहून फसवा. ते साल पुढे दहा वर्षांहून अधिक काळ छापले जात राहिले. नवे साल आले ते १८७४मध्ये. मधल्या काळात मुंबईच्या टांकसाळीने नाण्याच्या मागील बाजूस बारीक ठिपके दिले. त्यांच्या संख्येवरून नाणे खरोखर कोणत्या वर्षी पडले असावे, याचा अंदाज अभ्यासक बांधतात. अमेरिकेतील १७९४ ते १८३६ या काळातल्या चांदीच्या अर्ध्या डॉलरांचे ठसाभेद नोंदवणारा अल ओव्हर्टन यांचा ग्रंथ १९६७मध्ये निघाला, तो याच दृष्टीतून.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे परके वाटू नये. ठसाभेद म्हणजे धातूतला पाठभेदच. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. 'शुद्ध करणे' हा शब्द नानाही वापरतात. फरक इतकाच की, एकनाथांच्या शुद्धीने इतर प्रती नाहीशा झाल्या नाहीत. म्हणूनच एकनाथपूर्व मानलेली एक प्रत वि. का. राजवाडे १९०९मध्ये छापू शकले आणि तिच्याविषयी वादही होऊ शकला. मुशीतून निघालेल्या चांदीविषयी असा वाद संभवत नाही. तिथे पाठ आणि त्याची साक्ष एकदमच संपते.

आजीच्या माळेत राणीछाप रुपये आहेत. चांदीचा भाव चढल्यावर ती मोडण्याचा विषय घरात निघाला. रुपयांना डाख देऊन कड्या जोडलेल्या असल्याने संग्राहकही त्यांना कमी लेखतात. त्यांना ठसा हवा असतो, पण कोणाच्या गळ्यात न पडलेला. माझ्या मते ती कडीही एक पाठभेदच आहे. टांकसाळीने न लिहिलेला, आमच्या घराने समासात घातलेला.

हे मी नानांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी भिंग मागितले आणि १८६२चा एक रुपया उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. "इतकी वर्षं चांदी बघितली, हे कधी बघितलं नाही," एवढेच म्हणाले. माळेचा निर्णय अजून व्हायचा आहे आणि तो वडीलधाऱ्यांचाच असेल. तोपर्यंत आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक रुपयाची नोंद केली आहे: साल, ठिपके, कडीची जागा. वजनाचा रकाना नानांनी स्वतःच्या हाताने भरला.