सोमवारी बंद

तर मंडळी, या वीकेंडचा विषय आहे केस. कोर्टातली नाही, डोक्यावरचे.

परदेशात निघालेल्या माणसाला सगळे जण सगळं सांगतात. कुकर ने, कुकरची जास्तीची रिंग ने, गोडा मसाला ने, थर्मल घे, घराचं डिपॉझिट किती ठेव. न्हाव्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आणि केस तर व्हिसाची पर्वा न करता महिन्याला साधारण एक सेंटीमीटर या दराने वाढतच असतात. पुण्याहून निघताना कापून आलेल्या केसांवर पाच-सहा आठवडे निघतात. मग एका रविवारी व्हिडिओ कॉलवर आई म्हणते, "काय रे हा अवतार!" आणि प्रश्न ऐरणीवर येतो.

पुण्यात हा प्रश्न कधी प्रश्न नव्हताच. कोपऱ्यावरचं जेन्ट्स पार्लर. लहान असताना खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून बसवायचे, पुढे फळी गेली आणि आपण मोठे झालो. समोर आरसा, मागे आरसा, म्हणून आपलीच अगणित डोकी. हातात कालचा 'संध्यानंद'. प्रश्न दोनच : "मीडियम का बारीक?" आणि "दाढी करायची?" शेवटी तुरटीचा खडा, पावडरचा पफ, मान कडाकड. आपल्याला नक्की काय हवंय हे वीस वर्षांत एकदाही पूर्ण वाक्यात सांगावं लागलेलं नसतं. इथेच तर सगळी गोची आहे.

मी राहतो म्युनिकमध्ये. इथे पहिली अडचण भाषेची नाही, कॅलेंडरची. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. त्यात न्हाव्यांची दुकानं परंपरेने सोमवारीही बंद. सोमवारी! मला तर गहिवरूनच आलं. साडेसहा हजार किलोमीटरवर काहीतरी आपल्यासारखं निघालं. (आता बरीच दुकानं सोमवारी उघडी असतात, पण पाटी अजून पुष्कळ ठिकाणी दिसते.) नोकरदार माणसाला उरला शनिवार. आणि शनिवारी केस कापायचे नाहीत हा आमच्या आजीचा कायदा. शनीला टाइमझोन लागू होतो का, याचा खुलासा आजीने केलेला नाही. मी सोयीचा अर्थ काढला.

दुसरी गोष्ट म्हणजे इथल्या सलूनची नावं. जर्मन माणूस विनोदी नसतो असं म्हणणाऱ्याने या पाट्या वाचलेल्या नसतात. जर्मनमध्ये केसाला म्हणतात 'हार' आणि वर्षाला 'यार'. तेवढ्या भांडवलावर अख्ख्या देशात कोट्यांचा कारखाना चालू आहे. 'हार्मोनी' काय, 'चार ऋतू'च्या जागी 'चार केसऋतू' काय. आपल्याकडच्या कोटीबाजांनी इथे येऊन शिकवणी घ्यावी.

असो. अशाच एका कोटीवाल्या दुकानात मी टेर्मिन घेतली. टेर्मिन म्हणजे अपॉइंटमेंट. डॉक्टर, बँक, सायकल दुरुस्ती, जर्मनीत टेर्मिनशिवाय पान हलत नाही. बाई हसतमुख होत्या. त्यांनी मला बसवलं आणि प्रश्नांची फैर झाडली. बाजूला किती मिलिमीटर? वरती कात्रीने का मशीनने? मानेवर गोल का चौकोनी? संक्रमण हळूहळू हवं का एकदम? आणि 'कोटलेटेन' किती लांब? कोटलेटेन म्हणजे कल्ले. मटणाच्या चॉपला इथे कोटलेट म्हणतात, त्यावरूनच कल्ल्यांना हे नाव पडलंय. एका शाकाहारी माणसाच्या कानाजवळ बोट ठेवून कोणी हा शब्द उच्चारला की कसं वाटतं ते विचारू नका.

एखादी रिक्वायरमेंट मीटिंग असते ना, क्लायंटला काय हवंय हे क्लायंटलाच माहीत नसतं आणि तरी त्याला सही करायची असते, तसं झालं. फरक एवढाच की या वेळी क्लायंट मी होतो. "नॉर्मल," मी म्हणालो. जर्मनीत नॉर्मल असं काही नसतं, सगळं मिलिमीटरमध्ये असतं. अर्ध्या तासाने आणि 38 युरोंनंतर आरशात एक टूथब्रश बसला होता. त्या बाईंचा हात वाईट अजिबात नव्हता. पण युरोपियन केस साधारणपणे बारीक, छेद अंडाकृती. पूर्व आशियाई केस जाड आणि गोल छेदाचे, आणि आपले दोन्हींच्या अध्येमध्ये. मऊ केस ज्या लांबीवर गुपचूप झोपतात, त्याच लांबीवर माझे ताठ उभे राहतात. बग माझ्या डोक्यात होता असं म्हणा हवं तर.

बायकांचे हाल याहून मोठे. त्यांचे दर पुरुषांच्या कितीतरी वर. टीममधल्या एका मैत्रिणीने न्हावीणबाईंना बजावून सांगितलं, "पोनी राहिला पाहिजे." तिला म्हणायचं होतं की पोनीटेल बांधता यावी. जर्मनमध्ये 'पोनी' म्हणजे कपाळावर येणारी झालर. पोनीटेलला इथे सरळ 'घोड्याची शेपटी' म्हणतात. त्यामुळे ती झालर घेऊन ऑफिसात आली. तेव्हापासून ती केस फक्त पुण्याला गेल्यावर कापते, वर्षातून एकदा, विमानतळावरून जवळजवळ थेट पार्लरात. असे पुष्कळ लोक आहेत इथे. तिकीट काढताना डोक्यात आईबाबा, दिवाळी आणि हेअरकट असे तिन्ही हिशेब चालू असतात.

त्या 38 युरोवाल्या दुकानात एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं प्रमाणपत्र : माइस्टर. जर्मनीत केस कापणं हे शिकून, परीक्षा देऊन करायचं काम. तीन वर्षांची उमेदवारी. आठवड्याचे काही दिवस दुकानात, काही शाळेत, तिथे केसांची रचना आणि रंगांचं रसायनशास्त्रसुद्धा. स्वतःचं दुकान काढायचं तर साधारणपणे त्यावर माइस्टरची परीक्षा, नाहीतर माइस्टर नोकरीवर ठेवायचा. 2004 मध्ये सरकारने बऱ्याच धंद्यांवरची ही अट उठवली, न्हाव्यांवरची ठेवली. पगार म्हणाल तर फार नाही, हा धंदा कमी पगारासाठीच ओळखला जातो. पण त्या फ्रेममुळे बाई माझ्याशी ज्या थाटात बोलत होत्या तो थाट, खरं सांगतो, आमच्या आर्किटेक्टला जमत नाही.

आपल्याकडे हा थाट जन्मावर ठरला. न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक, वर्षभर गावाची डोकी करायची आणि सुगीला धान्य घ्यायचं. आमच्या आजोबांच्या लहानपणी न्हावी घरी यायचा, हजामत ओसरीवर व्हायची आणि त्याच्या चहाचा कप वेगळ्या कोनाड्यात असायचा. घरात हे कोणी लपवून सांगत नाही, गंमत म्हणूनच सांगतात. ज्याच्या हातात आपला गळा आणि वस्तरा एकाच वेळी असतो, त्याचा कप वेगळा! याच समाजात संत सेना महाराज झाले. याच समाजातल्या लोकांनी 1890 मध्ये मुंबईत, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने सभा घेऊन ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. शिकल्यासवरल्या घरांतून जे होत नव्हतं ते वस्तरा खाली ठेवून करायचं त्यांनी ठरवलं.

माझा शोध शेवटी संपला म्युनिकच्या मुख्य स्टेशनाजवळ, लांडवेअरश्ट्रासेच्या बाजूला. 1961 च्या करारानंतर तुर्की कामगार जर्मनीत आले, आणि आता या भागात तुर्की किराणा, मिठाई, दागिने आणि न्हावी सगळं आहे. टेर्मिन नाही, बाकड्यावर बसायचं, नंबर आला की जायचं. पन्नाशीचा माणूस, जर्मन माझ्याइतकंच मोडकं. पहिल्याच दिवशी त्याने मानेवरचे केस काढायला वस्तरा उचलला आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "वस्तरा?" तो थांबला. म्हणाला, "उस्तुरा!" मग आमचा खेळच सुरू झाला. साबण - साबुन. चहा - चाय. हवा - हावा. आणि त्याचा पोऱ्या त्याला हाक मारत होता ती 'उस्ता', म्हणजे आपला वस्ताद. मूळ फारसी शब्द, एक पूर्वेला आला, एक पश्चिमेला गेला, आणि दोघांची गाठ पडली बव्हेरियात.

काम संपल्यावर तो पेटता बोळा कानांवरून झटकन फिरवतो, कानावरची लव जळते. पहिल्यांदा मी देवाचं नाव घेतलं होतं. मग लिंबाच्या वासाचं कोलोन्या, मानेला मालिश, आणि छोट्या काचेच्या ग्लासात चहा. एकाच ट्रेमधून मी, तो आणि बाकड्यावरचे सगळे.

एकदा त्याने विचारलं, "तुमच्याकडे न्हावी कसे असतात?" मी जमेल तसं सांगितलं, ओसरी, धान्य, कप. त्याने विचारलं, "मग न्हावी सगळ्यांचे केस कापायचा?" मी म्हणालो, नाही. मग त्याला साताऱ्याच्या एका मुलाची गोष्ट सांगितली. गावात न्हावी होते, घरात पैसे होते, पण अस्पृश्य म्हणून कोणी न्हावी त्याला हात लावायला तयार नव्हता. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचे केस त्याची मोठी बहीण कापायची. तो मुलगा पुढे कोलंबिया आणि लंडनला शिकला आणि देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार झाला. आंबेडकरांनी हे स्वतःच लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाच्या आठवणींत. व्हिसाची वाट आपण सगळ्यांनीच पाहिलीय, पण त्यातला व्हिसा वेगळाय. परक्या गावात न्हावी मिळत नाही म्हणून मी ऑफिसात महिनाभर विनोद करत होतो. तो मुलगा परक्या गावात नव्हता.

उस्ताची कात्री थांबली होती. त्याने एकच प्रश्न विचारला, धंद्यातल्या माणसाने विचारावा तसा. "बहिणीचा हात चांगला होता?"

"होता. चांगली तरबेज झाली होती असं लिहिलंय."

"मग ती उस्ता," तो म्हणाला आणि पुन्हा कात्री चालवू लागला.

तर नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. भारतात शेवटचा मनासारखा हेअरकट झाला की लगेच फोटो काढून ठेवा. समोरून, बाजूने आणि मागून, मागचा सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या न्हाव्याला विचारून मशीनचा मिलिमीटरचा आकडा लिहून घ्या. अमेरिकेत जाणाऱ्यांनो, तिथे नंबर सांगतात आणि तो इंचाच्या आठव्या भागांत असतो, म्हणजे 2 नंबर म्हणजे पाव इंच, साधारण 6 मिलिमीटर. 'नॉर्मल' म्हणू नका. मुलींनो, जर्मनीत 'पोनी' तर अजिबात म्हणू नका. पहिल्यांदा जाल तेव्हा जरा लांबच ठेवायला सांगा, कमी कापलेलं पुन्हा कापता येतं, उलटं होत नाही. आणि निघण्याआधी दुकानाची वेळ बघा, सोमवारी बहुतेक बंद असतं.