टाच

आमच्या युसूफ वडगावच्या घरी दिवाळीच्या आदल्या दिवशी अंगण सारवायचे असा रिवाज आहे. यंदा त्या ओल्या सारवणावरून मी उंच टाचांच्या सँडल घालून मोठ्या डौलात दारापर्यंत गेले. मागून माय म्हणाली, "अगं, कोंबडीनं टोचे मारल्यावाणी केलंस की समदं अंगण!"

वळून पाहिले तो खरेच, पावलागणिक एक भोक! शाळेतला दाबाचा धडा आठवला. चार हजार किलोचा हत्ती आपला भार चार रुंद पायांवर पसरतो. पन्नास किलोची बाई चालताना क्षणभर एका चौरस सेंटिमीटरवर टेकते आणि तेवढ्या जागेपुरती हत्तीलाही मागे टाकते. या टाचेचे नाव स्टिलेटो. इटालियन भाषेत त्याचा अर्थ बारीक खंजीर. ग्रीसने २००९ साली आपल्या प्राचीन वास्तूंत अशा टाचांना मनाई केली. तिथे दगड टिकेनात, मग आमच्या शेणामातीची काय कथा?

भोके बुजवायला मी सँडल काढून उकिडवी बसले. पण टाचा काही जमिनीला टेकेनात. पोटरीत अशी कळ आली की मी भिंतच धरली.

टाच वर्षानुवर्षे उचललेली राहिली की पोटरीचे स्नायू आखडतात, टाचेमागची धोंडशीर ताठर होते आणि मग सपाट जमीनच दुखू लागते. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१० साली हे मोजून दाखवले आहे. कर्ज थकले की घरादारावर टाच येते, हे आम्ही लहानपणी ऐकलेले. मी मात्र हौसेने आपल्याच पायांवर टाच आणली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे माय माझ्या पोटऱ्यांना तेल चोळत होती. तिच्या स्वतःच्या टाचांना भेगा. भेगांत काळी माती. त्या भेगांचे गोडवे मी गाणार नाही. ऊसतोडीच्या फडात दरसाल सहा सहा महिने काढून त्या मिळाल्या आहेत.

"एवढं उंच कशाला व्हायचं होतं गं?" तिने विचारले.

"कचेरीत सगळे माझ्या डोक्यावरून बोलायचे, माय."

तिचा हात क्षणभर थांबला. "येडी का काय! साळंत घातलं तवाच उंच झालीस की तू."

आणि तिने तेलाची वाटी दुसऱ्या पायाकडे सरकवली.