काटकसरीचा जमाखर्च

काटकसर हा गृहिणीचा अलंकार होय, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. हा अलंकार घडविण्यास मजुरी किती पडते, आणि ती कोण भरते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. अलीकडे मुंबईत सवलतीच्या दराने किराणा विकणारी मोठमोठी दुकाने झाली, घरबसल्या माल मागविण्याची सोय झाली, आणि स्वस्त सामानासाठी किती धावावे ह्याविषयी घरोघर वाद होऊ लागले. आमच्या घरी तो गेल्या दिवाळीपूर्वी झाला. मी दोन पिशव्या घेऊन बसने एका दूरच्या स्वस्त दुकानात गेले होते. आमच्या सूनबाई परळला, जेथे पूर्वी गिरणी होती त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या एका उंच इमारतीत नोकरी करितात. मी परतल्यावर त्यांनी पावती पाहिली व शांतपणे म्हणाल्या, “आई, तुमचे वाचले तीनशे चाळीस रुपये आणि गेले साडेतीन तास. तासाला शंभर रुपयेसुद्धा पडत नाहीत.”

भागाकार बिनचूक होता. तो पुरा होता असे मात्र मला वाटत नाही. जमाखर्चाच्या दोन्ही बाजूंस लिहावयाच्या कित्येक रकमा त्यात आल्याच नव्हत्या. त्या कोणत्या, हेच येथे सांगावयाचे आहे.

माझ्या सासूबाई गिरगावच्या. १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. रांगेत पिशवी धरून उभे राहण्याचे काम घरातल्या मुलींकडे असे, व त्या रांगेतच आपले भूगोलाचे पुस्तक पाठ झाले, असे त्या हसत सांगत. रेशनचा तांदूळ स्वस्त खरा. पण तो पाखडावा, निवडावा, धुवावा तेव्हा कोठे पातेल्यात जाई. दुपारची निजानीज झाल्यावर चाळीच्या गॅलरीत बायका ताटे मांडीवर घेऊन खडे वेचीत बसत. पुढे स्वच्छ केलेला, पिशवीत बंद केलेला तांदूळ बाजारात आला, आणि तो किलोमागे काही रुपये महाग आहे अशी तक्रार घरोघरीचे पुरुष करू लागले. ते जादा रुपये म्हणजे त्या मांडीवरच्या ताटाची मजुरी होती. पूर्वी ती कोणी देत नव्हते, म्हणून ती नव्हतीच असे सर्वांनी धरले होते.

वर्षाची बेगमी करण्याची चालही तशीच. उन्हाळ्यात गहू, तांदूळ, तूर घ्यावयाची, गच्चीवर ऊन द्यावयाचे, डाळीला एरंडेलाचा हात फिरवावयाचा, गव्हात कडुनिंबाचा पाला घालावयाचा, व पत्र्याचे डबे झावबाच्या वाडीतल्या आमच्या दीड खोलीत पलंगाखाली, माळ्यावर, दाराआड असे रचावयाचे. हंगामात धान्य स्वस्त मिळे ह्यात शंका नाही. परंतु ज्याच्या हाती एकदम वर्षाचा पैसा आहे त्यालाच ती स्वस्ताई मिळे. पाव किलो तेल नेणाऱ्या गिरणी कामगारास तेच तेल महाग पडे. गरिबाला गरिबी महाग पडते, ती अशी. १९४८ साली नायगावात गिरणी कामगारांच्या पुढाकाराने जी सहकारी ग्राहक संस्था निघाली आणि पुढे ‘अपना बाजार’ ह्या नावाने घराघरांत माहीत झाली, तिचे महत्त्व मला ह्याच ठिकाणी दिसते. एकट्याला घाऊक खरेदी परवडत नसेल तर हजारांनी मिळून घाऊक घ्यावे, आणि स्वस्ताई गरजवंताच्या पिशवीत टाकावी. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर ह्यांच्यामागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्याही ह्याच हिशेबासाठी. सासूबाई त्या मोर्चास गेल्या होत्या. लाटणे घरी परत आणले व त्याच संध्याकाळी त्याने पोळ्या केल्या, हेही त्या आवर्जून सांगत.

आता सूनबाईंच्या भागाकारात न आलेली पहिली रक्कम सांगते. मामंजी लालबागच्या एका गिरणीत कारकून होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या बंद पडल्या आणि मामंजींचा पगार थांबला. ह्यांचा पगार तेव्हा बेताचा, भावजी कॉलेजात, आणि मी नवी. आमच्या वाडीच्या तोंडाशी एका कच्छी शेठचे किराण्याचे दुकान होते. त्यांनी चौदा महिने आमच्या घरचे सामान वहीत मांडून दिले. एक शब्द बोलले नाहीत, व्याज लावले नाही. एवढेच करीत, की गहू संपत आला असेल अशा अंदाजाने सासूबाईंनी मागण्यापूर्वीच मुलाबरोबर पाठवून देत, म्हणजे मागण्याची पाळी येऊ नये. लालबाग-परळच्या चाळींतून असे कितीतरी वाणी त्या काळात आपल्या गिऱ्हाइकांना उधारीवर जगवीत होते, आणि त्यांपैकी काहींचे पैसे बुडालेही. आमचे देणे १९८५ मध्ये फिटले.

त्यानंतर घरात प्रश्न निघाला. सहकारी भांडारात साखर किलोमागे काही पैसे स्वस्त होती. मग शेठकडून का घ्यावी? सासूबाई म्हणाल्या, “त्याच्या भावात ते चौदा महिने धरलेले आहेत.” मला ह्या वाक्याचा अर्थ पुढे उमगत गेला. कोपऱ्यावरच्या वाण्याचा दर दोन रुपये अधिक असतो, तेव्हा त्या दोन रुपयांत नासका नारळ बदलून मिळणे असते, रात्री नऊ वाजता हिंगाची डबी मिळणे असते, शेजारच्या म्हातारीचे सामान तिसऱ्या मजल्यावर पोहोचणे असते, आणि वाईट दिवस आले तर उघडावयाची एक वही असते. विम्याचा हप्ता भरताना आपण तो फुकट गेला असे म्हणत नाही. मग हा हप्ता तेवढा उधळपट्टी कसा? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा बंद दाराबाहेर पिठाची पिशवी ठेवून जाणारा बहुतेकांचा वाणीच होता. ज्यांनी त्याआधी त्याच्याकडून केवळ काड्याची पेटी घेतली होती, त्यांनीही त्या दिवसांत त्याला हक्काने फोन केले, हे मी ऐकले आहे. असो.

ह्याचा अर्थ मोठ्या दुकानांत जाऊ नये असा मुळीच नव्हे. ती स्वस्त का देऊ शकतात ह्यामागे सरळ व्यापार आहे, जादू नाही. राधाकिशन दमाणी ह्यांनी २००२ साली पवईला डी-मार्ट सुरू केले. त्यांची पद्धत अशी, की दुकानाची जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची घ्यावयाची म्हणजे भाडे नाही, पुरवठादाराचे पैसे लौकर चुकते करावयाचे म्हणजे तो दर कमी लावतो, मालाचे मोजके प्रकार ठेवावयाचे म्हणजे तो फळीवर पडून राहत नाही. ह्यातून जो पैसा वाचतो त्यातला काही भाग गिऱ्हाइकाला मिळतो. आमच्या आज्या ज्याला ‘रोखीचा भाव’ म्हणत तोच हा, फार मोठ्या प्रमाणावर.

परंतु तेथे जाणाऱ्या बाईने डोळे उघडे ठेवावेत. पाटीवरची सवलत छापील किमतीवरून मोजलेली असते, आणि छापील किंमत म्हणजे कायद्याने घेता येईल ती अधिकात अधिक किंमत. आपला वाणीही पुष्कळ जिन्नस त्याहून कमी दराने देत असतो. म्हणून सवलत मोजावयाची ती त्याच्या दरापासून. बिस्किटांच्या पुड्याची किंमत वर्षानुवर्षे तीच राहते, बिस्किटे मात्र आतल्या आत कमी होतात. आता वेष्टनावर ग्रॅमचा दर छापण्याचा नियम झाला आहे. चष्मा नेला तर तो वाचता येतो. तो वाचू लागल्यापासून मला एक गंमत कळली. मोठी बाटली नेहमी स्वस्त असे आपण धरून चालतो, पण शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त निघते! आणि सर्वांत मोठा खर्च यादीबाहेरचा. गेल्या वर्षी सहा महिने मी दोन रकाने आखून पाहिले: एकात यादीतल्या जिनसांवर वाचलेले पैसे, दुसऱ्यात यादीत नसून पिशवीत आलेल्या वस्तूंचे. सहापैकी चार महिने दुसरा रकाना मोठा भरला. ‘एकावर एक मोफत’ आलेले प्लॅस्टिकचे डबे अजून माळ्यावर आहेत. पूर्वी तेथे निदान गहू तरी असे.

लालबागची गोष्ट निराळी. चैत्र-वैशाखात आम्ही तीन घरच्या बायका अजूनही मिरची गल्लीत जातो. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी अशा मिरच्या हाताने पाहून घेतो, धणे-खसखस घेतो, आणि डंकावर मसाला डोळ्यांसमोर कुटून आणतो. शिंका येतात, पदर लाल होतो, पैसे फारसे वाचत नाहीत. तो जमाखर्च मी मांडत नाही.

ज्या काटकसरीत पैसेही वाचतात व माणूसही दमत नाही, अशी एकच रीत मी पाहिली, ती ग्राहक पंचायतीची. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी ह्यांनी ही चळवळ सुरू केली, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. संगीतकार सुधीर फडके ह्यांचाही तिच्या उभारणीत हात होता. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करावयाचा, महिन्याची मागणी आधी लिहून द्यावयाची, आणि सर्वांचे सामान एका घरी आले की सभासदांनीच ते वाटून घ्यावयाचे. दुकान नाही, पाटी नाही, त्यामुळे मोहही नाही. जे मागितले तेवढेच येते. आम्ही दादरला राहावयास आल्यावर अशा संघात गेलो. वाटपाची पाळी आली की आमच्या हॉलमध्ये तांदळाच्या व साखरेच्या पिशव्यांची रास पडे, निवृत्त हेडमास्तर यादी वाचीत, बँकेतले साहेब पिशव्या मोजीत. येथे काटकसरीची मजुरी वाटून घेतली जात होती, आणि पुरुषही ती भरीत होते! ताटातले खडे वेचण्यास त्यांतला एकही कधी बसला नव्हता.

सूनबाईंच्या हिशेबात राहिलेली दुसरी रक्कम, आणि माझ्या मते मोठी, ती ही: वाचलेला पैसा कोणाचा? बहुतेक घरांत तो घराचा म्हणतात, म्हणजे महिनाअखेर तो विजेच्या बिलात विरघळून जातो, आणि ज्या बाईने तो उन्हातान्हात वाचविला तिला त्याचा पत्ताही लागत नाही. आमच्या सासूबाईंनी संपाच्या वर्षानंतर एक नियम घातला होता. जी सून बाजारहाट करील, तिने ठरलेल्या रकमेतून वाचविलेले पैसे चहाच्या एका रिकाम्या डब्यात टाकावयाचे, आणि ते तिचे. १९८८ साली भावजींना रंगीत दूरदर्शन संच घ्यावयाचा होता, आणि हप्त्याला डब्यातले चारशे रुपये हवे होते. सासूबाईंनी डबा मांडीखाली घेतला. त्या पैशांतून जाऊबाईंनी मराठी टंकलेखनाचा वर्ग पुरा केला, परीक्षा दिली, आणि पुढे एकवीस वर्षे एका शाळेच्या कचेरीत नोकरी केली. संच त्यांच्या पहिल्या बोनसातून आला. भावजी ही हकीकत पाहुण्यांना स्वतःच सांगतात, अर्थात मांडीखालचा भाग गाळून.

तेव्हा सूनबाईंना मी एवढेच म्हटले, की तुमचा तास कचेरी विकत घेते, म्हणून त्याला दर आहे. माझा तास कोणी विकत घेत नाही, म्हणून त्याला तुमचा दर लावता येणार नाही. पण तो फुकटचाही नाही. तो माझा आहे, आणि तो मी दुकानात घालवावा की वाचनालयात, हे मी ठरवीन. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग ते तीनशे चाळीस तुमच्या नावावर टाकू या का?” त्यांच्या भ्रमणध्वनीवर घरखर्चाचा हिशेब असतो. त्यात त्यांनी त्याच क्षणी माझ्या नावाचे वेगळे खाते उघडले, व जाता जाता विचारले, की त्या स्वतः दर रविवारी भाजी आणतात, त्यांचेही एक खाते असावयास हरकत नाही ना?

हरकत कसली? मुलाचे मात्र अजून खाते नाही, कारण त्याने अद्याप काही आणलेले नाही. पुढच्या महिन्यापासून धान्याच्या पिशव्या वर आणून डब्यांत भरण्याचे काम त्याच्याकडे दिले आहे. चहा व गूळ गिरगावातल्या त्या शेठच्या नातवाकडून येतो. दर किलोमागे थोडा अधिक पडतो, आणि तो फरक आम्ही कोणाच्याच खात्यात मांडीत नाही.