शरीराची शिल्लक

चातुर्मास आला की घराघरांत पच्चक्खाणाची बोलणी सुरू होतात. कोणी एकासणे धरतो, कोणी अठ्ठाईचा संकल्प करतो. तपस्वी बाहेरून शांत दिसतो; त्याच्या शरीरातील पेढी मात्र एक दिवसही बंद नसते. व्यापाऱ्याच्या घरी शिल्लक पाहिल्यावाचून सौदा होत नाही. मग शरीराची शिल्लक कशात आहे, हेही तपापूर्वी पाहावयास हवे.

ही शिल्लक तीन प्रकारच्या जैवरेणूंत असते. पहिले कर्बोदक. भात-भाकरीतील पिष्टाची साखर होते आणि गरजेहून उरलेली साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. यकृतात ते सुमारे १०० ग्रॅम असते. ही गल्ल्यातील रोकड. स्नायूंतही ग्लायकोजेन असते, पण ते स्नायूंनाच कामी येते. मेंदूला रोज जवळजवळ १२० ग्रॅम ग्लुकोज लागत असल्याने पहिल्या एक-दोन दिवसांतच गल्ला रिकामा होत येतो.

दुसरे मेद, म्हणजे मुदत ठेव. त्याच्या एका ग्रॅममागे ९ कॅलरी मिळतात, कर्बोदकाच्या दुपटीहून अधिक. मेदाम्ले मेंदूला थेट चालत नाहीत. म्हणून यकृत त्यांपासून कीटोन बनवते. दीर्घ उपवासात मेंदू आपली निम्म्याहून अधिक गरज कीटोनांवर भागवतो, हे बोस्टन येथील जॉर्ज केहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवून दिले.

तिसरे प्रथिन. हे मूळ भांडवल होय. स्नायू, रक्तातील हिमोग्लोबिन, पचनाची विकरे, सारे प्रथिनांचेच. त्यांचा वेगळा साठा नसतो. तरीही उपवासाच्या आरंभी मेंदूसाठी ग्लुकोज तयार करण्यास शरीर स्नायूंतील प्रथिने मोडते. कीटोन वाढले की ही मोड मंदावते; थांबत मात्र नाही. कृश वृद्धाला आणि वाढत्या मुलाला ही तूट जड जाते.

याहून मोठा धोका औषधांचा. वीस वर्षे नेमाने अठ्ठाई करणाऱ्या गृहस्थांना साठीनंतर मधुमेहाची गोळी सुरू होते. व्रत खंडित होऊ नये म्हणून ते कोणाशी बोलत नाहीत. आदल्या संध्याकाळी घेतलेल्या काही गोळ्यांचा परिणाम दुसऱ्या दिवशीही राहतो. गल्ला रिकामा असताना त्या साखर आणखी खाली ओढतात. घाम, थरथर, संभ्रम आणि शेवटी बेशुद्धी, असा हा क्रम असतो. आपल्या मनाने गोळी बंद करणेही तितकेच घातक. वैद्यकीय सल्ला पच्चक्खाणापूर्वी घ्यावा, नंतर नव्हे.

पारण्याचेही असेच आहे. दीर्घ उपवासानंतर एकदम भरपेट जेवले तर इन्सुलिन वाढते, रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम पेशींत ओढले जातात आणि हृदयाची लय बिघडू शकते. मुगाच्या पाण्याने हळूहळू पारणे करण्याची घरची रीत म्हणूनच शहाणपणाची आहे.

तीर्थंकर नामकर्माची सोळा कारणे सांगताना तत्त्वार्थसूत्राने त्याग आणि तप ही शक्तीनुसार करावीत असे म्हटले आहे. शक्ती वयानुसार बदलते. ज्या घरात अठ्ठाईची अनुमोदना होते, त्याच घरात यंदा एकासण्यावर थांबणाऱ्या आजोबांचीही तितक्याच आदराने साता विचारली जावी. म्हणजे त्यांना गोळी लपवावी लागणार नाही.