उस्ताद कुठे भेटतील?

कोठीत काय मिळत नाही ते सांगा, असे आम्ही पाहुण्यांना तोऱ्यात विचारायचो. सुलतान बाजारात साड्या, गुजराती गल्लीत रेडिओचे सुटे भाग, पदपथावर मेडिकलच्या पोरांनी विकून टाकलेली जाडजूड पुस्तके, इसामिया बाजारात 1922 पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय, आणि जांबागेत विवेकवर्धिनीच्या आवारात सबंध मराठी हैदराबाद. पाहुणा गप्प बसायचा. सॅक्सोफोन शिकवणारा माणूस कुठे भेटतो, असे त्याने विचारले असते तर गप्प बसायची पाळी आमची होती. असे उस्ताद शहरात होते, चांगले चार-सहा होते. पण त्यांच्या दारापर्यंत पोचायला निम्म्या मोहल्ल्याची संमती लागे.

आता कुणाची संमती लागत नाही. रात्री अकरा वाजता अंथरुणात पडल्या पडल्या मुलगा फोनवर चार शब्द टाकतो आणि शिक्षकांची रांग उभी राहते. प्रत्येकाच्या नावापुढे तारे, प्रत्येकाचा फोटो हसरा, प्रत्येकाचा पहिला तास फुकट. बाजूच्या खोलीतल्या आईबापांना पत्ता नसतो. महिन्याने घरी खोके येते, तेव्हा कळते की चिरंजीव फुंकायला लागले आहेत.

आम्हाला ही हौस लागली ती अर्थातच सिनेमामुळे. ‘काश्मीर की कली’ (1964) मधल्या त्या दारूच्या गाण्यात शम्मी कपूर झोकांड्या खातो आणि त्याच्याआधी सॅक्सोफोन झोकांड्या खातो. तो वाजवणारा मनोहारी सिंग नावाचा माणूस आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. तेव्हाच्या तबकड्यांवर वाजवणाऱ्यांची नावे कोण छापतो? पण तो आवाज ओळखीचा होता. लग्नाच्या वरातीत बँडमास्तर मधेच सगळ्यांना थांबवून एकटा वाजवायला लागे, तेव्हा त्या गॅसबत्त्यांच्या उजेडात तोच आवाज यायचा. घोड्यावरचा नवरदेव अवघडून बसलेला, करवल्या कंटाळलेल्या, आणि आम्ही पोरे त्या पितळी नळीच्या तोंडाशी कान लावून.

घरी विषय काढला की ठरलेले उत्तर मिळे. गाणे शीक, पेटी शीक, तबला शीक. फारच फुंकायची हौस असेल तर बासरी वाजव. पन्नालाल घोषांनी बासरीला मैफलीत बसवले होते, त्यामुळे तिला घरात यायला हरकत नव्हती. सॅक्सोफोन म्हटले की वडील चष्मा काढून विचारायचे, “वरातीत वाजवणार का?” या प्रश्नात काय काय दडले होते ते आज आठवले की लाज वाटते. बँडवाले बहुतेक मुसलमान, नाहीतर गावकुसाबाहेरचे. वरात पोचली की त्यांची पंगत सगळ्यात शेवटी, आणि ती मांडवाबाहेर. त्यांच्या वाजवण्यावर आम्ही नाचायचो आणि त्यांना पाणी वेगळ्या भांड्यातून द्यायचो. जुन्या दिवसांवर लिहायला बसलेल्याने हे आधी लिहावे, मग पुढचे.

आज सॅक्सोफोन म्हटले की आईबापांचा ऊर भरून येतो. त्याला श्रेणी परीक्षा आहेत, लंडनचे प्रमाणपत्र आहे, परदेशी विद्यापीठाच्या अर्जात लिहायला एक ओळ आहे. लग्नात सॅक्सोफोनवाला आता वरातीत चालत नाही, मंचावर उभा राहतो, काळा सूट घालतो आणि नवरीच्या आगमनाला वाजवतो. त्याला जेवायला सगळ्यांबरोबर बसवतात. हा बदल चांगलाच झाला, यात शंका नाही.

तर त्या काळी उस्ताद शोधायचा कसा? पहिला मार्ग बँडच्या दुकानाचा. कोठीतून मुसा नदीकडे उतरताना अशी दुकाने लागत. दारात रंगवलेला ढोल, खुंटीला टांगलेले झालरीचे लाल कोट, आत बाकावर पेंगणारा एखादा झांजवाला. आम्ही बिचकत विचारायचो, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कधीच मिळायचे नाही. उलट प्रश्न यायचा, “किसके पोट्टे हो?” मग बापाचे नाव, बापाची कचेरी, राहायला कुठे, बडी चावडीत का, मग अमक्या वकिलांना ओळखता का, त्यांच्या मुलीच्या लग्नात आम्हीच वाजवले होते. एवढे झाल्यावर चहा. चहानंतर, “परसों आओ.” हैदराबादी परसों कधी उजाडतो हे ज्याला ठाऊक आहे त्याने आमच्या चपलांची कल्पना करावी.

दुसरा मार्ग रेडिओचा. निजामाच्या डेक्कन रेडिओचे 1950 साली आकाशवाणीत रूपांतर झाले होते, आणि तिथल्या वाद्यवृंदात क्लॅरिओनेट वाजवणाऱ्या कुणाला तरी ओळखणारे कुणीतरी प्रत्येक वाड्यात असे. तिसरा पोलिसांच्या बँडचा, चौथा सिकंदराबादचा. तिकडे लालागुड्याच्या रेल्वे वसाहतीतले अँग्लो-इंडियन लोक नाताळच्या नाचाला वाजवत. तिथे जायला बस बदलावी लागे आणि इंग्रजी बोलावे लागे, म्हणून तो मार्ग आम्ही चौथा ठेवला होता.

कुठल्याही मार्गाने गेलात तरी हातात चिठ्ठी लागे. ग्रंथसंग्रहालयात रोज पेपर वाचायला येणारे एखादे निवृत्त काका ती लिहून देत, कारण त्यांच्या कचेरीतल्या जमादाराचा भाऊ उस्तादांच्या शेजारी राहत असे. चिठ्ठीत आमच्या वाजवण्याबद्दल अक्षर नसे. मुलगा चांगल्या घरचा आहे, एवढेच. आजच्या भाषेत याला वशिला म्हणायचे, आणि त्याच्या विरोधात आम्ही कॉलेजात मोर्चेही काढले होते.

उस्ताद सापडले की त्यांची वंशावळ ऐकायची. प्रत्येकाचा गुरू किंवा गुरूचा गुरू निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये होता. 1948 नंतर ती फौज राहिली नाही, त्यामुळे शहानिशा करायची सोय नव्हती. पण सगळ्यांचे खरे मानले तर निजामाकडे शिपाई थोडे आणि क्लॅरिओनेटवाले जास्त होते, असे म्हणावे लागेल. आताचे शिक्षक असे काही सांगत नाहीत. त्यांच्या पानावर कुठल्या संस्थेतून पदविका घेतली, किती विद्यार्थी झाले, किती मिनिटांत उत्तर देतात, हे सगळे असते, आणि ते तपासता येते. तपासून झाल्यावर त्यांच्याबद्दल बोलण्यासारखे काही उरत नाही, ही वेगळी गोष्ट.

वाद्य स्वतःचे असणे ही चैन होती. उस्तादांचे सॅक्सोफोन बहुधा मेरठच्या जाली कोठीत बनलेले असत. तिथे नादिर अली यांची पेढी 1885 पासून देशभरच्या बँडांना बाजे पुरवत आली आहे. वाद्य जुने झाले की स्प्रिंगच्या जागी रबरबँड येई आणि झाकण नीट बसते का हे पाहायला सिगारेटचा कागद. तो पातळ कागद झाकणाखाली ठेवायचा, झाकण दाबायचे, कागद हलके ओढायचा. अडकला तर ठीक, सुटून आला तर तिथून हवा गळते. रीड तर जिवापाड जपायची वस्तू. फ्रान्सच्या दक्षिणेला, वार प्रांतात, पिकणाऱ्या एका बोरूची ती चपटी पात; ती कोठीपर्यंत कशी पोचायची देव जाणे. उस्ताद ती खिशातल्या काड्यापेटीत ठेवत. वाजवायच्या आधी जिभेवर धरून भिजवत, बोलायचे झाले तर गालात सरकवून बोलत. ती मऊ पडून आवाज बसका झाला की टोकाकडून केसभर कापत आणि दाढीच्या अर्ध्या पात्याने पाठ खरवडत. एक खरवडा, एक फुंकर, कान तिरका, पुन्हा एक खरवडा. तेवढा वेळ खोलीत कुणी बोलत नसे.

आता दहा रीडचे खोके घरपोच येते. अडीच नंबर, तीन नंबर, हवी ती. एक बिघडली की दुसरी लावायची. काही तर कृत्रिम धाग्याच्या असतात, त्या भिजवाव्याही लागत नाहीत. खरवडत बसण्यात जी दुपार जायची तिच्यात आजचा विद्यार्थी सगळ्या सप्तकांतले पलटे वाजवून मोकळा होतो. आमच्या दुपारीत अंगी काही मुरत होते असे म्हणायचा मोह होतो. खरे सांगायचे तर त्यात फक्त दुपार जात होती.

आणि शिकवणे? त्याबद्दल आमच्या पिढीच्या तोंडून ऐकाल ते निम्मे गाळून घ्या. उस्ताद शिकवत नसत, वाजवत, आम्ही बघायचो. सकाळभर एकच सूर लांबवायला सांगून ते सौदा आणायला जात. परत आल्यावर सूर चालू असला तर पुढचा सूर. स्वरलिपी नाही, परीक्षा नाही. लग्नसराईत तर तासच नाही. खालचा ओठ दातांवर घट्ट आवळून क्लॅरिओनेटसारखे फुंकायची सवय त्यांनी लावली. त्याने आतून ओठाला घट्टा पडे आणि वरचे सूर किंचाळत. जबडा सैल सोडायचा असतो, हे त्यांनी सांगितले नाही, कारण त्यांनाही कुणी सांगितले नव्हते. काही हातचे राखूनही ठेवत. एखादी मींड कशी काढतात ते विचारले की उत्तर मिळे, “अभी नक्को.” ते सगळे बहुधा त्यांच्याबरोबरच गेले. आज पुण्याची नाहीतर पोर्तुगालची बाई कॅमेऱ्यासमोर बसून पहिल्याच तासाला जबडा कुठे, जीभ कुठे, श्वास कुठून, हे चित्र काढून दाखवते.

बाई म्हटल्यावर आठवले. आमच्या वेळी उस्तादांकडे मुलगी शिकायला आल्याचे आम्ही ऐकलेसुद्धा नव्हते. कोठीच्या रेसिडेन्सीत मुलींचे कॉलेज होते, रोज शेकडो मुली त्या फाटकातून जात. त्यांतल्या एकीलाही सॅक्सोफोन वाजवावासा वाटला नसेल, असे होणे शक्य नाही. ती चिठ्ठी कुठल्या काकांनी लिहून दिली असती? आज कद्री गोपालनाथांच्या शिष्या सुब्बलक्ष्मी आणि लावण्या या बहिणी सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीताच्या मैफली करतात, आणि त्यांना ऐकून मुली हे वाद्य मागतात.

गोपालनाथांचे नाव आले म्हणून सांगतो. वडील नागस्वर वाजवणारे. मुलाने सॅक्सोफोन पहिल्यांदा ऐकला तो म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये. तो बाजा गमकांना वळवायला त्यांना वर्षानुवर्षे लागली, आणि 1994 मध्ये त्यांनी तो लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये नेऊन वाजवला. मनोहारी सिंगांची सुरुवातही कोलकात्याजवळच्या बाटा कंपनीच्या ब्रास बँडमधली. वडिलांनी चष्मा काढून विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर होते. फक्त आमच्याजवळ ते वेळेवर नव्हते.

नव्या पद्धतीतही गमती आहेत. ऑनलाइन तासाला मुलगा लांब सूर लावतो आणि पलीकडे शिक्षिकेला काहीच ऐकू येत नाही. संगणक हुशार असतो. पंख्याची घरघर, मिक्सरचा आवाज, असा एकसारखा चालणारा गोंगाट तो गाळून टाकतो, आणि नीट लावलेला स्थिर सूर त्याला गोंगाटच वाटतो. म्हणजे बेसूर वाजवले तर पोचते, सूर साधला की गायब. यासाठी एक बटण दाबून ठेवावे लागते. गुरुशिष्यांना एकत्र वाजवता मात्र कुठल्याही बटणाने येत नाही. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि तेवढ्यात ताल सुटतो. आमचे उस्ताद एकच गोष्ट मनापासून करत, ती म्हणजे आमच्याबरोबर वाजवणे. त्यांचा सूर आमच्या सुराला खालून उचलून धरी, आणि आपण बरे वाजवतो असा आमचा घरी पोचेपर्यंत समज असे.

मग आम्ही नेमके कशासाठी हळहळतो? उस्तादांसाठी नाही, हे एव्हाना लक्षात आले असेल. “किसके पोट्टे हो” या प्रश्नासाठी असावे. आपल्याला काही शिकायचे आहे ही गोष्ट तेव्हा खाजगी ठेवता येत नसे. बँडवाल्याला कळे, ग्रंथसंग्रहालयातल्या काकांना कळे, इराण्याच्या हॉटेलात कळे, आणि मग महिनोन्महिने जो तो विचारी, “काय, कुठवर आलं?” त्या धाकाने चार दिवस जास्त वाजवले जाई. अर्थात ज्याच्या बापाचे नाव सांगण्यासारखे नव्हते, त्याला हा प्रश्न कसा लागत असेल याचा विचार आम्ही केला नव्हता. फोन बापाचे नाव विचारत नाही. कार्ड चालते की नाही एवढेच पाहतो. हे जास्त न्यायाचे आहे, आणि तरीही आमच्यातल्या कुणाला ते आवडत नाही.

शिवाय विचारणार कोण? कोठीतली मराठी बिऱ्हाडे केव्हाच कुकटपल्ली, मियापूर, पुण्याकडे पांगली. सुलतान बाजारावरून मेट्रो जाते, आणि खाली रस्त्यात कुणी कुणाला नाव विचारायला थांबत नाही.

काचीगुड्यात आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक मुलगी आल्टो सॅक्सोफोन शिकते. सोसायटीने संध्याकाळी पाच ते सहा अशी वेळ ठरवून दिली आहे. ती नळीच्या तोंडात टॉवेल कोंबून वाजवते, तरी ऐकू येते. परवा सव्वापाचला खालच्या मजल्यावरचे काका तिच्या दारात उभे राहिले. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेले, जन्म सगळा बडी चावडीत गेलेला. तक्रार असणार म्हणून तिची आई माफी मागायच्या तयारीत बाहेर आली. काकांना शिक्षिकेचा पत्ता हवा होता. या वयात सुरू करता येईल का, असेही त्यांनी विचारले. मुलगी म्हणाली, “येतं की काका, लिंक पाठवते.” काका जिना उतरेनात. “नुसती लिंक नको बाळ,” ते म्हणाले, “माझ्याबद्दल दोन शब्द लिहून दे त्यांना.”

“काय लिहू?”

“सांग, चांगल्या घरचा आहे.”