वहिनीचं डोरलं

इचोडा, जि. आदिलाबाद

चि. बाळीस,


फोनवर तुझ्या बाबांचं नाव निघालं की माझा आवाज बसतो, म्हणून हे लिहून तुझ्या आतेभावाच्या हाती पाठवतेय. दहाव्याच्या आत तुला मिळेल.

भावकीतल्या बायका तुझ्या आईचं डोरलं, जोडवी, बांगड्या उतरवायचं बोलतायत, असं तू सांगितलंस. गेला तो माझा सख्खा भाऊ. त्यामुळे या बाबतीत माझा शब्द कुणाला डावलता यायचा नाही, आणि तो शब्द असा की, वहिनीच्या अंगावरच्या एकाही वस्तूला कुणी हात लावायचा नाही.

दागिन्यानं माणूस किती बदलतो ते इकडे आम्ही दर दिवाळीला बघतो. गोंडांच्या गावांतून दंडारी निघते, तिच्यात गुस्साडी नाचतात. आमच्या शेतात कापूस वेचायला येणारा एक जण गुस्साडी होतो. एरवी त्याला कुणीही 'अरे' म्हणून हाक मारतं. पण अंगाला राख फासली, खांद्यावर कातडं घेतलं, कमरेला घुंगरं बांधली आणि डोक्यावर मोरपिसांचा तो भलामोठा टोप चढला की गावचा पाटीलसुद्धा त्याच्यापुढे वाकतो. त्याच्या हातातली काठी अंगाला लागली तर दुखणं जातं, अशी लोकांची श्रद्धा आहे. टोप आहे तोवर तो आंघोळ करत नाही, कारण तेवढे दिवस तो देव असतो. मारलवाईच्या कनक राजूंना याच नाचासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. तो टोप पूजा करून चढवतात, पूजा करूनच उतरवतात. उतरल्यावर माणूस पुन्हा शेतात जातो, पण त्याची किंमत कुणी कमी करत नाही.

आपल्यात डोरलं वाजतगाजत चढवतात आणि ओरबाडून काढतात. माझ्या आईचं, म्हणजे तुझ्या आजीचं, मी पाहिलंय. अंगणात बसवून बांगड्या फोडल्या. जोडवी बोटांत रुतली होती, साबणाचं पाणी लावून ओढली. वर्षानुवर्षं ऊन न लागलेली ती बोटं पांढरीफटक दिसत होती. आदल्या आठवड्यापर्यंत हीच बाई बाजारात सरकीचा भाव ठणकावून करत होती. त्या दिवसानंतर हळदीकुंकवाचं बोलावणं बंद, लेकीसुनांची ओटी भरणं बंद, लग्नघरात बसायची जागा मागच्या खोलीत. नवरा देवानं नेला होता, बाकी सगळं माणसांनी नेलं.

कोल्हापूरकडे शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये ठराव केला : नवरा गेला म्हणून कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. कोरोनात तरण्या बायका विधवा झालेल्या गावानं पाहिल्या होत्या. पुढे त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आमचा इचोडा तेलंगणात; तुमचं गाव किनवट तालुक्यातलं, म्हणजे महाराष्ट्रातलं. सरपंचांना आजच त्या परिपत्रकाची आठवण करून दे.

एक मात्र लक्षात ठेव. वहिनीला स्वतःलाच डोरलं नकोसं वाटलं, बघवेना झालं, तर तिनं आपल्या हातानं काढून डब्यात ठेवावं. तिथेही कुणी आडवं यायचं नाही, तू नाही, मीही नाही. ठेवायचं की काढायचं, हे तिचं तिनं ठरवायचं.

मी दहाव्याच्या आदल्या रात्री पोहोचते. तोवर आईजवळून हलू नकोस. बायका जमल्या तर हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव, आणि सांग की हे आत्यानं लिहिलंय.

तुझी,
आत्या